ऊन, गोषा आणि हाडांचे दुखणे : ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता व संधिविकार यांचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : खानदेश व नाशिक परिसर)

सारांश

‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हा वैद्यकशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु ही कमतरता कोणाला होते आणि कोणाला होत नाही, या प्रश्नाचे उत्तर समाजाच्या इतिहासात शोधावे लागते. १९२२ साली नाशिक येथील पाहणीतून हे प्रथम ठळकपणे पुढे आले. प्रस्तुत शोधनिबंधात या पाहणीचे ऐतिहासिक महत्त्व, संधिविकारांवरील ‘ड’ जीवनसत्त्वाच्या उपचारांचा चढउतार आणि खानदेशातील आजची परिस्थिती यांचा परस्परसंबंध तपासला आहे. आकाशातील ऊन आणि अंगावर पडणारे ऊन या दोन भिन्न गोष्टी असून त्यांमधील अंतर समाज ठरवतो, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ‘ड’ जीवनसत्त्व, अस्थिमार्दव, मुडदूस, संधिविकार, गोषा, खानदेश.

प्रस्तावना

जळगाव व धुळे हे जिल्हे महाराष्ट्रातील अतिशय तापणाऱ्या प्रदेशांत मोडतात. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हे दोन्ही जिल्हे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास असा वर्षातून दोनदा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. अशा प्रदेशातील माणसाला सूर्यप्रकाशाच्या अभावी आजार होतो, हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटते. थंड व ढगाळ देशांच्या बाबतीत ते सहज पटते. खानदेशाच्या बाबतीत त्याचे आश्चर्य वाटते.

हे आश्चर्य आपल्या एका गृहीतकातून निर्माण होते. प्रदेशात ऊन मुबलक आहे म्हणजे ते तेथील प्रत्येक माणसाला मिळते, असे आपण मानतो. पाणी मुबलक असलेल्या गावात प्रत्येकाला पाणी मिळतेच असे नाही, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाने आपल्याला शिकवले आहे. तोच प्रश्न उन्हाच्या बाबतीत मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत शोधनिबंधात तो विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) ‘ड’ जीवनसत्त्वाच्या शोधाच्या इतिहासात नाशिक येथील पाहणीचे स्थान स्पष्ट करणे.
२) संधिविकार व ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या संबंधाविषयी वैद्यकशास्त्राची भूमिका कशी बदलत गेली, याचा आढावा घेणे.
३) खानदेशातील घरे, पेहराव, श्रम व हवामान यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे.

अभ्यासक्षेत्र व पद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण जळगाव व पश्चिम खानदेशचे धुळे होते. पुढे हे जिल्हे त्याच नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. मालेगाव, नांदगाव व बागलाण हा आज नाशिक जिल्ह्यात असणारा भाग १८६९ पर्यंत खानदेशात होता. म्हणून नाशिक येथील पाहणी खानदेशाच्या अभ्यासकाला परकी मानता येत नाही.

संज्ञांचे स्पष्टीकरण

‘ड’ जीवनसत्त्व अन्नातून थोडे मिळते. त्याचा मोठा भाग त्वचेत तयार होतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ठराविक लांबीच्या लहरी त्वचेतील एका द्रव्यावर पडल्या की हे जीवनसत्त्व बनते. पुढे यकृतात व नंतर मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन त्याचे क्रियाशील रूप तयार होते. अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी ते आवश्यक असते. ते कमी पडल्यास वाढत्या वयातील मुलांना मुडदूस होतो. पाय वाकतात, मनगटे जाड होतात. प्रौढांमध्ये याच अभावाने अस्थिमार्दव होते. यात हाडे मऊ पडतात. कंबर, मांड्या व बरगड्या दुखतात, जिना चढणे व जमिनीवरून उठणे कठीण होते.

संधिविकार ही याहून निराळी व व्यापक संज्ञा आहे. तीत झिजेमुळे होणारी सांधेदुखी येते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला केल्याने होणारे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस यांसारखे विकारही येतात. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदीय ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे सांध्यांच्या दुखण्यांत भेद करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बोलभाषेत मात्र हे सर्व भेद ‘वात’ या एकाच शब्दात बुडून गेले आहेत. हाडे मऊ पडलेली स्त्री, गुडघे झिजलेला वृद्ध आणि बोटांचे सांधे सुजलेली तरुणी या तिघांनाही ‘वाताचा त्रास’च असतो. या एका शब्दामुळे बरे होऊ शकणारे दुखणे न बरे होणाऱ्या दुखण्यांत मोजले जाण्याचा धोका आहे. अस्थिमार्दव योग्य उपचाराने बरे होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

युरोपातील वाद : आहार की ऊन ?

औद्योगिक क्रांतीनंतर युरोपातील धुराने काळवंडलेल्या शहरांत मुडदुसाचे प्रमाण फार वाढले. पोलंडमधील श्न्यादेत्स्की या वैद्याने १८२२ सालीच वॉर्सा शहरातील मुलांच्या मुडदुसाचा संबंध उन्हाच्या अभावाशी जोडला होता. त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १८९० साली थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टरने निराळी वाट धरली. पाम हे जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून काम करून मायदेशी परतले होते. जपानमध्ये क्वचितच दिसलेला मुडदूस त्यांना इंग्लंडमध्ये जागोजागी दिसला. त्यांनी जपान, चीन, हिंदुस्थान इत्यादी देशांतील मिशनऱ्यांकडून माहिती गोळा केली आणि ऊन असलेल्या देशांत मुडदूस आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. सूर्यस्नान हा त्यांनी सुचविलेला उपाय होता.

पाम यांचा निष्कर्ष मूलतः बरोबर होता, परंतु त्यांच्या मांडणीचे एकक ‘देश’ हे होते. देशात ऊन आहे, म्हणून देशातील लोकांना आजार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. देशाच्या आत, एकाच गावात, एकाच उन्हाखाली माणसांचे वाटे वेगळे असू शकतात, हे त्यांच्या चौकटीत बसत नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या प्रश्नावर दोन पक्ष पडले. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून मुडदूस हा आहारदोष आहे आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो, असे दाखवले. ग्लासगो येथील लिओनार्ड फिंडले व त्यांच्या सहकाऱ्यांचा भर मात्र कोंडलेल्या घरांवर आणि मोकळ्या हवेच्या अभावावर होता. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी केली. एकाच आजाराचे दोन उपाय सिद्ध झाले होते, तेल व प्रकाश. त्यांचा परस्परांशी संबंध काय, हे अजून उलगडलेले नव्हते.

नाशिकची पाहणी (१९२२)

याच वादाच्या काळात एच. एस. हचिसन व एस. जे. शाह यांचा मुडदुसाच्या कारणांविषयीचा निबंध १९२२ साली इंग्लंडमधील एका वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्यातील निरीक्षणे मुंबई इलाख्यातील नाशिक परिसरातील होती. वरवर पाहता नाशिक हे मुडदुसाच्या अभ्यासासाठी अयोग्य ठिकाण होते, कारण तेथे उन्हाची वाण नव्हती. परंतु नेमके त्यामुळेच त्या पाहणीला वजन आले.

त्यांना आढळलेले चित्र आपल्या सामान्य समजुतीच्या उलट होते. मुडदूस व प्रौढ स्त्रियांतील अस्थिमार्दव हे आजार गोषा पाळणाऱ्या सुस्थितीतील मुसलमान व उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत आढळत होते. दूध-तूप परवडणारी हीच घरे होती. ज्यांच्या आहारात स्निग्ध पदार्थ नावालाच असत, अशा शेतात व उघड्यावर राबणाऱ्या गरीब हिंदूंच्या मुलांत मात्र मुडदूस आढळला नाही. आहार निकृष्ट, पण हाडे निरोगी. आहार बरा, पण हाडे मऊ. केवळ आहाराचे कारण धरून याचा उलगडा होत नव्हता. उलगडा होत होता तो कोणाच्या अंगावर ऊन पडते या प्रश्नाने.

इतिहासाच्या दृष्टीने या पाहणीचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले असे की, तिने पाम यांचे ‘देश’ हे एकक मोडले. ऊन असलेल्या प्रदेशातही आजार असतो आणि तो सामाजिक रेषांवरून चालतो, हे तिने दाखवले. दुसरे असे की, प्रतिष्ठेची किंमत कोण मोजत होते, हे तिच्यातून उघड झाले. महाराष्ट्रात गोषा ही सर्वच जातींची रूढी नव्हती. सरदार-जहागीरदार घराणी, काही मराठा कुळे व संपन्न मुसलमान कुटुंबे यांत ती विशेष होती आणि घराच्या खानदानीपणाची ती खूण मानली जाई. घरातील बाई कामासाठी बाहेर पडत नाही, हे सुबत्तेचे लक्षण होते. या लक्षणाचा भार तिच्या हाडांवर पडत होता, आणि तिच्याजवळच घरात वाढणाऱ्या तान्ह्या मुलांवरही पडत होता.

हा भार केवळ दुखण्यापुरता नव्हता. अस्थिमार्दवात श्रोणीची हाडे दबून प्रसूतीचा मार्ग अरुंद होतो आणि आई व मूल या दोघांच्याही जिवावर बेतते. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा पद्धती व मातृत्व या विषयावर पुस्तकच लिहिले. याच सुमारास डॉ. डॅगमार कर्जेल विल्सन यांनी उत्तर हिंदुस्थानातील अस्थिमार्दवाचा अभ्यास केला. या लेखनातून हिंदुस्थानी चालीरीतींवर टीका करण्याचा वसाहतकालीन सूर काही ठिकाणी ऐकू येतो, हे नाकारता येत नाही. तथापि त्यामुळे निरीक्षणांचे मोल कमी होत नाही. विशेष असे की, १९६२ साली ग्लासगोमध्येच स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस व अस्थिमार्दव पुन्हा आढळून आले. रंगाने सावळी त्वचा, अंगभर पेहराव, घरात राहणे आणि मंद सूर्य या साऱ्यांचा तेथे मेळ बसला होता.

दरम्यान मूळ वाद मिटला होता. १९२२ साली मॅकॉलम यांनी तेलातील मुडदूसरोधक घटकाला ‘ड’ जीवनसत्त्व असे नाव दिले. १९२४ साली स्टीनबॉक व हेस यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, अन्नावर अतिनील किरण सोडल्यास त्यातही हा गुण येतो. तेल व प्रकाश हे एकाच द्रव्याकडे जाणारे दोन मार्ग ठरले. या क्षेत्रातील कार्यासाठी अडॉल्फ विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खानदेशातील घर, श्रम आणि ऊन

नाशिकच्या पाहणीचा धडा खानदेशाला लावताना केवळ गोषा पाहून चालणार नाही. येथील जुने घर धाब्याचे असते. जाड मातीच्या भिंती, लहान झरोके, आत गारवा व अंधार अशी त्याची रचना असते. ही रचना उन्हाळ्याशी झुंज देण्यासाठी झालेली आहे आणि त्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. उन्हाळ्यात माणसे धाब्यावर झोपतात, पण ती रात्री. बाळंतिणीची खोली तर घरातील सर्वांत कोंदट व अंधारी असे. ज्या काळात आई व मूल या दोघांनाही कॅल्शियमची सर्वाधिक गरज असते, तोच काळ त्या खोलीत जाई.

दुसऱ्या बाजूला कपाशीच्या, केळीच्या व ज्वारीच्या शेतात राबणारी स्त्री आहे. तिला ऊन भरपूर मिळते, म्हणून ती सुरक्षित आहे असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी हे येथील कष्टकऱ्यांचे अन्न आहे. धान्य व डाळींतील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमचे शोषण कमी करते. दूध घरात टिकत नाही, विकले जाते. नायजेरियातील मुलांवरील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, उन्हात वाढणाऱ्या मुलांनाही केवळ कॅल्शियमच्या अभावी मुडदूस होऊ शकतो. म्हणजे नाशिकच्या पाहणीने उन्हाची बाजू उजळली तरी आहाराची बाजू खोटी ठरली नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजाच्या आरोग्याचा विचार करताना ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते.

गेल्या अर्धशतकात श्रमाचे स्वरूपही बदलले. धुळे व मालेगाव येथील यंत्रमाग, जळगावातील डाळमिल व चटई उद्योग, दुकाने, कार्यालये, बँका व महाविद्यालये यांत काम करणारा मोठा वर्ग दिवसभर छपराखाली असतो. काचेतून अतिनील किरणांचा उपयुक्त भाग आत येत नाही, म्हणून खिडकीजवळ बसूनही लाभ होत नाही. दुचाकीवरून जाणारी तरुणी स्कार्फ, सनकोट व हातमोजे घालून डोळ्यांखेरीज सर्व अंग झाकते. तिला कोणी गोषात ठेवलेले नाही. उलट ती शिक्षण व नोकरीसाठी घराबाहेर पडली आहे. परंतु उन्हाचा दाह व काळे पडण्याची भीती या दोन कारणांनी तिच्या त्वचेपुरता जुना पडदा नव्या रूपात टिकून आहे.

खानदेशाच्या प्रश्नाचे वेगळेपण येथेच आहे. थंड देशात ऊन कमी म्हणून ते मिळत नाही. खानदेशात ऊन फार, म्हणूनच माणूस त्यापासून पळतो. उष्माघात टाळण्यासाठी दुपारी बाहेर पडू नये, ही सूचना योग्यच आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण त्यामुळे ‘ड’ जीवनसत्त्व देणारी वेळ व घराबाहेर पडण्याची वेळ यांची चुकामूक होते.

संधिविकारांवरील उपचारांचा चढउतार

‘ड’ जीवनसत्त्व सापडल्यानंतर लवकरच त्याचा वापर मुडदुसापलीकडे सुरू झाला. १९३५ साली शिकागो येथील ड्रेयर व रीड यांनी सांधेदुखीच्या रुग्णांना या जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. या मात्रा दररोज लाखो आंतरराष्ट्रीय एककांच्या घरात होत्या. काही रुग्णांना बरे वाटले, जाहिराती झाल्या, खास औषधे बाजारात आली. पुढील दशकात दुसरी बाजू दिसू लागली. रक्तातील कॅल्शियम वाढणे, उलट्या, मूत्रपिंडांची हानी, मऊ ऊतींत चुना साचणे अशा विषबाधेच्या नोंदी वाढत गेल्या आणि हा उपचार मागे पडला. त्यानंतर ब्रिटनमध्ये बालकांच्या अन्नात या जीवनसत्त्वाची भर अधिक झाल्याने तान्ह्या मुलांच्या रक्तातील कॅल्शियम वाढण्याचे प्रकार १९५० च्या दशकात घडले व तेथील प्रमाण कमी करावे लागले.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर कॉर्टिसोनचा वापर केला. १९५० साली त्यांना या कार्यासाठी इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइडचे युग सुरू झाले. सूज उतरली, पण दीर्घ वापराने हाडे विरळ होतात आणि आतड्यांतून कॅल्शियम कमी शोषले जाते, हेही दिसून आले. सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ‘ड’ जीवनसत्त्वाचा प्रश्न म्हणूनच अधिक गंभीर होतो.

१९८० च्या दशकात या विषयाला नवे वळण मिळाले. प्रतिकारशक्तीच्या पेशींवरही ‘ड’ जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक आहेत, असे आढळले. त्यामुळे या जीवनसत्त्वाचा संबंध हाडांपुरता न राहता संधिविकारांच्या मुळाशी जोडला जाऊ लागला. अमेरिकेतील आयोवा राज्यातील २९ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, आहारातून अधिक ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस कमी आढळला, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढील सर्वच अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २५,८७१ व्यक्तींचा सुमारे पाच वर्षे अभ्यास झाला. दररोज २,००० एकक घेणाऱ्या गटात १२३ जणांना, तर दुसऱ्या गटात १५५ जणांना स्वप्रतिकारजन्य विकार झाले. ही घट २२ टक्क्यांची आहे. पण हजारो लोकांमागे ती काही मोजक्या रुग्णांची आहे, हेही तितकेच खरे आहे. शिवाय हा पुरावा आजार टाळण्याविषयीचा आहे, झालेला आजार बरा करण्याविषयीचा नाही.

कारण आणि परिणाम

संधिविकाराच्या रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळते, ही गोष्ट जगभर नोंदली गेली आहे. प्रश्न आहे तो कारण कोणते व परिणाम कोणता, हा. सांधे दुखतात म्हणून रुग्ण घराबाहेर पडत नाही; म्हणून ऊन मिळत नाही. ल्युपसच्या रुग्णाचा आजार उन्हाने बळावतो, म्हणून त्याला ऊन टाळण्याचाच सल्ला दिला जातो. शरीरात सूज असताना रक्तातील या जीवनसत्त्वाची मोजणी मुळातच कमी येऊ शकते. म्हणजे कमतरता आजाराच्या आधीची असू शकते, तशीच आजाराच्या मागून आलेलीही असू शकते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे नव्हे, हा इतिहासलेखनातील साधा नियम येथेही लागू पडतो.

याच ठिकाणी महाराष्ट्रातील एक पाहणी महत्त्वाची ठरते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न कार्यक्रमांतर्गत घरोघरी पाहणी केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना स्नायू-सांध्यांची दुखणी होती; ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण मात्र सुमारे अर्धा टक्का होते. गावात ज्याला सरसकट ‘वात’ म्हटले जाते, त्याचा फार मोठा भाग वेगळाच असतो. त्या भागात झीज, अतिश्रम व इतर अनेक कारणे येतात. अस्थिमार्दवाची शक्यता तपासली पाहिजे ती तेथे.

कमतरता मात्र सार्वत्रिक आहे. दिल्लीतील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांपेक्षा रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कित्येक पटींनी कमी आढळले. मुंबईतील २०११ च्या अभ्यासात २५ ते ३५ वयोगटातील १,१३७ निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींत ते २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते. नाशिकच्या पाहणीनंतर ऐंशी-नव्वद वर्षांनीही छपराखालची माणसे आणि उन्हातली माणसे यांतील भेद तसाच आहे. फक्त छपराखाली जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे.

‘कोवळ्या उन्हा’विषयी

आपल्याकडे मुलांना व वृद्धांना सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवण्याची चाल आहे. तिच्यामागचा हेतू उत्तम आहे. परंतु सूर्य क्षितिजालगत असताना किरण वातावरणातून तिरपे येतात आणि उपयुक्त अतिनील लहरी वाटेतच गळून जातात. यासाठी एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ऊन उपयोगी असते. २१ अक्षांशावर २२ डिसेंबरलाही माध्यान्ही सावली उंचीपेक्षा किंचित आखूड पडते. म्हणजे खानदेशात वर्षभर हे जीवनसत्त्व मिळू शकते. मात्र हिवाळ्यात ते माध्यान्हीच्या आसपासच मिळते. मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या सुमारास सुरू होते. तेव्हा हवा अजून भाजून काढत नसते. हिवाळ्यात दुपारचे व उन्हाळ्यात साडेनऊच्या आसपासचे थोडे ऊन, हातपाय व पाठ उघडी ठेवून घेणे, हा येथील हवामानाला जुळणारा मार्ग आहे. ल्युपसच्या रुग्णांना मात्र हा सल्ला लागू नाही; त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधरूपातच ते घ्यावे.

निष्कर्ष

१) ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता ही हवामानापेक्षा समाजरचनेशी अधिक निगडित आहे, हे नाशिकच्या १९२२ च्या पाहणीतून दिसून येते.
२) खानदेशात उन्हाची विपुलता हीच लोकांना उन्हापासून दूर ठेवते. गोषा, धाब्याचे घर, कारखाना, कार्यालय व स्कार्फ हे या एकाच इतिहासाचे टप्पे आहेत.
३) संधिविकार व ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांत संबंध आहे, परंतु कमतरता हेच संधिविकारांचे कारण मानणे योग्य नाही. १९३५ नंतरच्या प्रचंड मात्रांचा अनुभव या बाबतीत पुरेसा बोलका आहे.
४) ‘वात’ या व्यापक शब्दामुळे बरे होणारे अस्थिमार्दव दुर्लक्षित राहण्याचा धोका आहे आणि तो स्त्रियांच्या बाबतीत अधिक आहे.

सूचना

महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तगट तपासणीबरोबरच कंबर व मांड्यांच्या दीर्घकालीन दुखण्याची साधी प्रश्नावली भरून घ्यावी व संशयित रुग्णांना धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे पाठवावे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढांची सरसकट रक्ततपासणी आवश्यक मानली जात नाही, हे लक्षात घेऊन तपासणी गरजूंपुरती ठेवावी. इतिहास, गृहविज्ञान, भूगोल व वैद्यक या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन गाव, व्यवसाय व पेहराव यांनुसार पाहणी केल्यास नाशिकच्या पाहणीला एक शतक उलटून गेल्यानंतर तिचा पुढचा अध्याय खानदेशात लिहिला जाईल.

त्या पाहणीने विचारलेला प्रश्न आजही जसाच्या तसा विचारता येतो. ऊन गावावर पडते हे खरे. ते घरातील कोणाच्या अंगावर पडते आणि कोणाच्या पडत नाही, याची नोंद आपण ठेवतो का? आईचे उठता-बसता कण्हणे वयाचे म्हणून सोडून देणाऱ्या प्रत्येक घराने हा प्रश्न स्वतःला विचारावा, अशी या अभ्यासाची अपेक्षा आहे.